वाटून दिलेली नोकरी

सकाळी सव्वादहा वाजता व्हिसा कचेरीच्या चार नंबरच्या खिडकीवर एका बेकार माणसाने आपण नोकरीला असल्याचं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, कुठेही न अडखळता सांगितलं. काचेपलीकडच्या अधिकारी बाईंनी त्याला मध्ये तोडलं नाही. त्यांच्या समोरच्या पडद्यावर त्याचा अर्ज उघडा होता, आणि त्यात ‘सध्या नोकरी नाही’ असं त्यानेच भरलेलं होतं.

त्याच्या शेजारी त्याची आठ वर्षांची मुलगी उभी होती. अर्ज दोघांचा होता. ज्या देशाची ही कचेरी, तिथल्या एका वृद्धाश्रमात मुलीची आई साडेतीन वर्षांपासून काम करते. तिच्याकडे जाऊन राहायचं, एवढंच दोघांना हवं होतं.

या माणसाला सगळे फोरमन म्हणतात. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कापणीचं मशीन त्याच्याकडे होतं. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली. हुद्दा गेला, हाक राहिली. बंद झाला त्या दिवशी पहिल्या पाळीची माणसं आली तर फाटकाला आतून साखळी होती आणि पहारेकरीही नवा होता. त्याला कुणाचीच नावं माहीत नव्हती. फोरमन दुपारपर्यंत फाटकासमोर थांबला, तिथेच उभ्याने डबा खाल्ला आणि नेहमीच्या वेळेला घरी आला. मुलीला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो नेहमीच्या वेळेला बाहेर पडला. तेव्हापासून रोज पडतो. कधी एखाद्या दुकानात दिवसापुरतं काम मिळतं, बहुतेक वेळा मिळत नाही.

जोडीदाराला तिकडे जायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हावी लागते. म्हणून त्याने क्लास लावला.

क्लास म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पांढरा फळा, आणि एक एसी, ज्याचा रिमोट मॅडमच्या पर्समध्ये असायचा. मॅडम पूर्वी एका कॉल सेंटरमध्ये नव्या लोकांना बोलायला शिकवायच्या. त्यांची मुलं पास होतात अशी ख्याती होती, आणि ती खरी होती. त्यामागे एक पद्धत होती. दर बॅचच्या पहिल्या दिवशी मॅडम नोकऱ्या वाटायच्या.

कारण असं, की परीक्षेत पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: तुम्ही काम करता की शिकता? त्यावर जे उत्तर द्याल त्याच्याच शेपटीला धरून परीक्षक पुढचे प्रश्न विचारतो. मॅडमनी सहा नोकऱ्यांची उत्तरं पक्की बांधून ठेवली होती. शिक्षक, नर्स, बँकेतला कर्मचारी, हॉटेल मॅनेजर, ग्राफिक डिझायनर आणि वेअरहाउस सुपरवायझर. विद्यार्थी खरोखर काय करतो याला फारसं महत्त्व नव्हतं. त्याला या सहांतली एक नोकरी मिळायची आणि ती त्याने परीक्षा होईपर्यंत करायची.

पहिल्या दिवशी मॅडमनी फोरमनला उभं केलं आणि इंग्रजीत विचारलं, तुम्ही काय करता?

“फॅक्टरी,” तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, “क्लोज्ड.”

“पुढे? का बंद झाली? तेव्हा तुम्हाला काय वाटलं? आता दिवसभर काय करता? परीक्षक हेच विचारणार. बोला.”

फोरमन उभाच राहिला. मागच्या रांगेत एक केस कापणारा होता. तो म्हणाला, “मॅडम, यांना आधी पाणी द्या.” सगळे हसले. फोरमनही हसला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

“हे बघा सर,” मॅडम म्हणाल्या, “परीक्षक तुमची भाषा तपासतो, तुमचं आयुष्य तपासत नाही. बेकारीवर दोन मिनिटं कुणालाच बोलता येत नाही. आईच्या भाषेतसुद्धा नाही येत. तुम्ही वेअरहाउस सुपरवायझर.”

“पण मी नाहीये.”

“मग हे काय हॉटेल मॅनेजर आहेत?” त्यांनी केस कापणाऱ्याकडे बोट केलं.

“नाही मॅडम,” तो म्हणाला. “पण व्हायला माझी काहीच हरकत नाही.”

पुढचे पाच महिने फोरमन वेअरहाउस सुपरवायझर होता. मॅडमनी त्याला शब्द दिले. नुसतं ‘आय डू’ म्हणायचं नाही, ‘आय ॲम रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणायचं. काम खूप असेल तर ‘हेवी वर्कलोड’. वेळेत संपवायचं असेल तर ‘मीट द डेडलाइन’. आवडतं का विचारलं तर ‘यस’ म्हणून गप्प बसायचं नाही, ‘इट्स डिमांडिंग बट रिवॉर्डिंग’ म्हणायचं आणि लगेच एक उदाहरण द्यायचं. उदाहरण नसेल तर बनवायचं.

एक दिवस फळ्यावर नोकरी जाण्याचे शब्द होते. ‘फायर्ड’ म्हणजे चूक तुमची. ‘लेड ऑफ’ म्हणजे अडचण कंपनीची. ‘रिडन्डंट’ म्हणजे ते कामच आता कुणाला नको आहे. फोरमनने हात वर केला.

“आणि कुणी काहीच सांगितलं नाही तर?”

मॅडमनी डस्टर उचललं. “त्याला शब्द नाही,” म्हणाल्या. “पुढे चला.”

तो आणि मुलगी त्याच्या बहिणीकडे राहतात. बहीण घरी शाळेचे गणवेश शिवते. संध्याकाळी शिलाई मशीन चालू असायचं आणि त्याच्या खडखडाटात मुलगी परीक्षक व्हायची. हातात आत्याची लाकडी पट्टी, चेहरा गंभीर.

“डू यू वर्क ऑर आर यू अ स्टुडंट?”

“आय वर्क ॲज अ वेअरहाउस सुपरवायझर,” फोरमन म्हणायचा. “आय हॅव ट्वेल्व्ह पीपल अंडर मी.”

“इज इट डिफिकल्ट?”

“समटाइम्स. वन ऑफ माय कलीग्ज इज ऑलवेज लेट.”

मग पट्टी खाली ठेवून ती आपल्या भाषेत विचारायची, “तो का लेट येतो, बाबा?”

“त्याची आई आजारी असते.”

“तुम्ही ओरडता त्याला?”

“नाही. त्याला दुपारची पाळी दिली मी.”

हे मॅडमनी शिकवलेलं नव्हतं. बारा माणसांपैकी चौघांना हळूहळू चेहरे आले. एक जण उंच रॅकवर चढायला घाबरायचा. एकाचं लग्न ठरत होतं आणि मोडत होतं. फोरमन जेवताना त्यांच्याबद्दल बोलायचा. बहीण मशीन थांबवून टोमणा मारायची. “साहेब, तुमचा पगार कधी होतो म्हणे? मला नवा पंखा हवाय.”

“बोनसला घेऊ,” तो म्हणायचा. मुलगी टाळ्या वाजवायची.

मुलीने शाळेतही सांगून टाकलं. बाई फाटकात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अभिनंदन, सुपरवायझर झालात असं ऐकलं. तो ‘थँक यू’ म्हणाला. त्या दिवशी बहिणीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“दादा, पोरीला खरं सांगून टाक. तिला ते सगळं खरं वाटतंय.”

“परीक्षा होऊ दे. मग सांगतो.”

“परीक्षेचा आणि याचा काय संबंध?”

“आत्ता सांगितलं तर मला पुढे बोलता यायचं नाही,” तो म्हणाला.

परीक्षा झाली. परीक्षकाने पहिला प्रश्न तोच विचारला. फोरमनला जितके गुण लागत होते त्याहून अर्धा जास्तच मिळाला. मॅडमनी त्याचा फोटो जिन्यातल्या भिंतीवर लावला. केस कापणारा दुसऱ्यांदा नापास झाला होता, तरी त्याने फोरमनला फुकटात दाढी करून दिली. बायकोने फोनवर त्याच्याकडून सगळी उत्तरं म्हणून घेतली आणि हसता हसता रडली. “अहो, तुम्ही तर आमच्या मॅनेजरपेक्षा चांगलं बोलता,” म्हणाली.

मुलीला त्याने तेव्हाही सांगितलं नाही. अर्ज भरताना मात्र सगळं खरं भरलं. बहीण एकेक रकाना वाचायची, तो सांगायचा. नोकरी? नाही. आधीची? खोक्यांचा कारखाना, बंद. खर्च कोण करतं? बायको. मुलगी तेव्हा शाळेत होती.

खिडकीवर काय झालं, हे आता फोरमन, मुलगी आणि मागच्या बाकावर बसलेली बहीण अशा तिघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळतं. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. तिथे इंग्रजी बोलायची गरजच नव्हती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, की आपल्या भाषेत उत्तर दिलं तरी चालेल. काचेपलीकडे दुभाषा बसलेला होता. शेजारच्या तीन नंबरच्या खिडकीवर एक म्हातारी आपल्या भाषेत, हातवारे करत, नातवाच्या बारशाला कोण कोण आलं होतं ते सांगत होती, आणि तिचं काम झालंही.

पण अधिकारी बाईंनी फोरमनला “गुड मॉर्निंग” म्हटलं आणि विचारलं, तुम्ही काय काम करता? हा प्रश्न पाच महिन्यांत त्याला इतक्या वेळा विचारला गेला होता की उत्तर द्यायला त्याची गरजच उरली नव्हती. उत्तर आपलं आपण निघालं. वेअरहाउस, बारा माणसं, हेवी वर्कलोड, डिमांडिंग बट रिवॉर्डिंग. बाईंनी विचारलं, कधीपासून? तेही उत्तर तयार होतं. चार वर्षांपासून.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग दुभाषाला खूण केली. दुभाषा तरुण होता, अदबीने बोलत होता.

“काका, मॅडम विचारतायत, तुम्ही आत्ता, या घडीला, कुठे नोकरीला आहात का? नीट आठवून सांगा.”

फोरमन म्हणतो, तेव्हा त्याला चूक कळली होती. तो असंही म्हणतो, की आता शब्द फिरवला तर आधीचं खोटं ठरेल, या भीतीने तो गोंधळला. बहीण म्हणते, भीती वगैरे काही नाही, पोरगी मान वर करून त्याच्याकडे बघत होती. यातलं कुठलं खरं, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

तो म्हणाला, “हो.”

मग मुलीने टाचा उंचावून, काचेला हनुवटी टेकवून, इंग्रजीत सांगितलं की बाबांच्या हाताखाली बारा माणसं आहेत. बाई तिच्याकडे बघून हसल्या. हसत हसतच त्यांनी काहीतरी टाइप केलं.

त्या दुपारी, बहिणीकडून सगळं कळल्यावर, बायकोचा फोन आला. तिकडे सकाळ होती, तिची पाळी सुरू व्हायची होती.

“असं कसं झालं, अहो?”

“तोंडातून गेलं.”

“बरं, एकदा गेलं. दुसऱ्यांदा तर आपल्या भाषेत विचारलं ना?”

फोरमनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी काय विचारते? आपल्या भाषेत विचारलं होतं ना?”

“हो.”

“मग?”

मागून कुणीतरी म्हातारं माणूस तिला हाक मारत होतं. “येते,” ती तिकडे म्हणाली, तिथल्या भाषेत. फोन तसाच काही वेळ चालू राहिला, मग बंद झाला.

पाचव्या दिवशी कचेरीचं पत्र मेलवर आलं. अर्जातली माहिती आणि मुलाखतीतलं उत्तर यांत तफावत आहे. मालकाचं नाव, पत्ता आणि पगाराच्या पावत्या पाठवाव्यात, नाहीतर लेखी खुलासा करावा. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पुढची काही वर्षं अर्ज करता येणार नाही.

“मग होऊन जा ना सुपरवायझर,” बहीण म्हणाली. चेष्टा करायचा तिचा प्रयत्न होता. कुणी हसलं नाही. ती पुन्हा कॉलरला काज करायला लागली.

फोरमन पत्र घेऊन क्लासमध्ये गेला. नवी बॅच बसलेली होती. मॅडमनी त्याला बाहेर जिन्यात आणलं. पत्र दोनदा वाचलं.

“तिथे कशाला बोललात हे? ते परीक्षेपुरतं होतं.”

“मॅडम, मला दुसरं काही बोलताच येत नाही इंग्रजीत.”

मॅडम भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वरच्या पायरीजवळ त्याचा फोटो होता. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“खुलासा मी लिहून देते,” त्या म्हणाल्या. “पण क्लासचं नाव त्यात नको. नोकऱ्या वाटण्याचं तर मुळीच नको. या मुलांची पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे सगळ्यांची.”

“मग मी ती नोकरी कुठून आणली म्हणून सांगू?”

“गोंधळलात म्हणून सांगा.”

त्याच संध्याकाळी, क्लास सुटल्यावर, रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून त्यांनी खुलासा लिहिला. फोरमन आपल्या भाषेत सांगत होता, मॅडम इंग्रजी करत होत्या. कारखाना कसा बंद झाला, हे तो पहिल्यांदाच कुणाला सलग सांगत होता. साखळी, नवा पहारेकरी, उभ्याने खाल्लेला डबा. मॅडमनी डबा गाळला. पहारेकरीही गाळला. शेवटी चार ओळी राहिल्या. अर्जदाराचा रोजगार दोन वर्षांपूर्वी संपुष्टात आला. तेव्हापासून तो नोकरीच्या शोधात आहे. मुलाखतीतलं उत्तर घाबरल्यामुळे आणि गोंधळामुळे दिलं गेलं. झाल्या चुकीबद्दल तो मनापासून दिलगीर आहे.

“दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी गोंधळलो नव्हतो,” फोरमन म्हणाला.

“ते कुठे लिहिता येतं, सर?”

त्याने सही केली. घरी बहिणीने अर्थ विचारला, त्याने सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे हे आणखी एक झालं.” मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने न विचारता त्याला चहा करून दिला.

मुलीला त्याने रविवारी सांगितलं, शाळेच्या मागच्या रिकाम्या मैदानावर. वेअरहाउस नाही. बारा माणसं नाहीत. लेट येणारा नाही, त्याची आईही नाही. कारखाना बंद आहे आणि बाबा रोज सकाळी काम शोधायला जातात. ती बराच वेळ बुटाने माती उकरत होती.

“मग त्या खिडकीवर मीपण खोटं बोलले?”

“नाही. तुला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला होतं,” ती म्हणाली.

त्यानंतर तिने घरात त्याच्याशी इंग्रजीत बोलणं बंद केलं. बाकी बोलणं होतं. जेवताना मीठ मागते, शाळेचं सांगते, पण पट्टी हातात घेत नाही.

पुढच्या महिन्यात कचेरीने दोघांचे अर्ज वेगळे केले. मुलीचा पासपोर्ट व्हिसाचा शिक्का लागून परत आला. आईकडे जाण्याचा तिचा हक्क स्वतंत्र आहे, असं सोबत कळवलं होतं. मात्र ठरलेल्या मुदतीत ती त्या देशात पोहोचली नाही तर व्हिसा रद्द होईल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. फोरमनच्या अर्जापुढे ‘तपासणी सुरू आहे’ एवढंच होतं. चौकशीच्या नंबरवर फोन केला की एक ध्वनिमुद्रित बाई तेच वाक्य म्हणायची.

बायकोने त्याला फोन केला.

“तिला पाठवून द्या.”

“एकटीला?”

“विमान कंपनीची माणसं असतात सोबतीला. मी उतरवून घेईन. पाळी बदलून घेतलीये.”

“मी महिन्या-दोन महिन्यांत आलोच तर?”

“आणि नाही आलात तर?” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “अहो, ती पाच वर्षांची होती. मला तिचा बूट किती नंबरचा ते माहीत नाही.”

“एकतीस,” फोरमन म्हणाला.

बहिणीचं म्हणणं वेगळं होतं. पोर एकदा गेली की कचेरीला फोरमनची घाई उरणार नाही. बाप आणि लेक एकत्र अडकलेत तोवरच कुणीतरी फाइल उघडेल. याला कसलाही आधार नव्हता. पण ती रोज सांगायची, आणि फोरमन रोज ऐकून घ्यायचा. मुलीला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी बहिणीनेच विचारलं. मुलगी म्हणाली, “आईकडे जायचंय.” थोड्या वेळाने म्हणाली, “बाबांबरोबर.” मग दोन्हींपैकी कुठलं, असं पुन्हा विचारल्यावर ती गादीत तोंड खुपसून पडून राहिली.

बायकोने तिकडून तिकीट काढलं. येत्या शुक्रवारचं. एकट्या मुलाला पाठवायचं तर वडिलांनी विमान कंपनीच्या काउंटरवर स्वतः जाऊन, ओळख दाखवून, संमतीवर सही करावी लागते. ही सही उड्डाणाच्या आदल्या दिवशी पाचच्या आत व्हावी लागते.

मंगळवारी फोरमन तिथे गेला होता. रांगेत उभा राहिला. पुढे दोनच माणसं उरली तेव्हा बाहेर आला आणि पायीच घरी गेला. बुधवारी गेला नाही. बुधवारीच बहिणीने मुलीची बॅग भरली, मग अर्धी रिकामी केली, कारण स्वेटर ठेवायचे की नाही ते तिला ठरवता येईना.

आज गुरुवार. दुपारी तीन वाजता चौकशीच्या नंबरवर ‘तपासणी सुरू आहे’ हेच उत्तर मिळालं. फोरमन इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीला बरोबर घेऊन घराबाहेर पडल्याचं बहिणीने पाहिलं आहे. पावणेपाच वाजता तिने काउंटरवर फोन करून विचारलं तेव्हा मुलीच्या संमतीवर सही झालेली नव्हती.